अंबाडीवर पिठ्या ढेकूण? आधी मुंग्या अडवा

अंबाडीचा शेंडा आखडून गुच्छ झाला आणि बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं, की समजा पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड. हडपसरला गच्चीवर मी दोनदा नुसती फवारणी केली. आठवड्यात पुन्हा तेच. मग खोडावरून चढणारी मुंग्यांची रांग दिसली. ढेकूण सोडतात त्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्यांना जपतात, ढेकूण खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात.

१. आखडलेले शेंडे कापून थेट साबणाच्या पाण्यात बुडवा. तिथेच टाकले तर पिल्लं पसरतात.
२. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून वर व्हॅसलीन लावा. भिंतीला टेकलेल्या फांद्याही छाटा, मुंग्या तिथूनही येतात.
३. १ लिटर कोमट पाण्यात थोडा पातळ साबण, ५ मिली निंबोळी तेल. संध्याकाळी पानांखालून फवारा.

फवारल्यावर आठवडाभर भाजीसाठी पानं खुडू नका.