चर्चा ऑनलाइन घ्यायची आहे? आधी एवढं करून ठेवा

सुरुवात ॲपपासून नको, प्रश्नापासून करा. प्रश्न लिहिला की आधी आपणच त्याचं उत्तर लिहून बघायचं. ते एका ओळीत संपलं तर प्रश्न बाद. मी एकदा सातवीच्या ग्रुपवर ‘पाण्याची बचत का करावी?’ असं विचारलं होतं. पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं आणि त्यात ‘जीवन’चं ‘जिवन’ झालं होतं. रात्रीपर्यंत ३१ उत्तरं जमली, त्यातल्या २६ जणांनी ‘जिवन’च लिहिलेलं. मुलांना काय बोलणार? वेगळं काही लिहायला प्रश्नात जागाच नव्हती.

पुढच्या खेपेला सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, तेवढंच पाणी एकदा झाकण ठेवून आणि एकदा न ठेवता उकळा, किती मिनिटं लागली ते लिहा. आणि ज्याचा आकडा तुमच्याशी जुळत नाही त्याला एक प्रश्न विचारा. आता दुसऱ्याचं उतरवून काही उपयोग नव्हता. एका मुलाचं पाणी झाकण नसतानाच लवकर उकळलं. सगळे त्याला चुकीचं ठरवायला निघाले, तेवढ्यात एकीने विचारलं, ‘दुसऱ्या वेळेला भांडं आधीच गरम होतं का?’ होतं! हा एक प्रश्न मला वर्गात सुचवावा लागला नाही, म्हणून सांगतोय.

प्रश्न ठरला की जागा. बहुतेक सोशल मीडियावर खात्यासाठी किमान वय १३ असतं; त्यामागे अमेरिकेचा १९९८चा कायदा आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५पासून मोठ्या प्लॅटफॉर्मांसाठी ही रेषा १६वर नेली. तेव्हा आपल्याकडचा नियम आणि त्या ॲपची अट, दोन्ही वाचून घ्या आणि पालकांची संमती लेखी घ्या. व्हॉट्सॲपचा ग्रुप सोपा खरा, पण त्यात प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, आणि फोन आईचा असेल तर उत्तर नक्की कोणी लिहिलं हेही कळत नाही. सूचना द्यायला तो ठीक आहे. चर्चेसाठी मूडल किंवा गूगल क्लासरूम बरं, ही दोन्ही ऑनलाइन वर्ग चालवायचीच साधनं आहेत. मूडलमध्ये प्रश्नोत्तराचा एक फोरम असतो. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. ‘जिवन’वर याहून चांगलं औषध मला माहीत नाही. क्लासरूममध्ये मुलांनी पोस्ट टाकायची, फक्त कॉमेंट करायची की नुसतं वाचायचं, हे आधीच सेटिंगमध्ये ठरवता येतं. एक खोटं विद्यार्थी-खातं काढून मुलांच्या बाजूने काय दिसतं ते एकदा बघाच.

नियम चार-पाचच, आणि ते मुलांकडूनच लिहून घ्या. ‘चेहऱ्याचे फोटो नाहीत’ आणि ‘स्क्रीनशॉट बाहेर जाणार नाही’ हे दोन मात्र तुम्ही घाला. दुसऱ्या एका शिक्षकाला ॲडमिन करून ठेवा. मुलांशी एकट्याने खासगी मेसेजवर बोलायचं नाही, हे पालकांनाही सांगून टाका. कोणी वाईट लिहिलंच तर खोडण्याआधी त्याची प्रत जपून ठेवा आणि मुख्याध्यापकांपर्यंत कोण जाणार हे आजच ठरवा. त्या रात्री ठरवायला बसलात तर गोंधळ होतो.

वेळ बांधून द्या, संध्याकाळी सात ते साडेआठ, बस. नंतर पोस्ट करणं बंद. नाहीतर अकरा वाजता ‘सर झोपलात का?’ येतं. मधल्या वेळात आपण सारखं बोलू नये. शिक्षकाने ‘छान!’ लिहिलं की मुलांना वाटतं उत्तर सापडलं, आणि चर्चा तिथेच थांबते. हे मला जमायला एक सत्र लागलं.

ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना प्रश्न सकाळीच कागदावर द्या आणि त्यांची उत्तरं चर्चा सुरू होण्याआधी तुम्ही टाका, त्यांच्या नावाने. दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. एकमेकांशी न जुळणारी तीन उत्तरं नावं काढून फळ्यावर लिहा आणि खडू मुलांच्या हातात द्या.