खेळत असतानाच दुसरं करिअर कसं उभं करायचं, प्रोफेशनल फुटबॉलरसाठी

फुटबॉलरचं करिअर पस्तिशीच्या आसपास आटोपतं, गुडघा गेला तर त्याच्याही बरंच आधी, त्यामुळे "रिटायर झाल्यावर बघू" हे आधी डोक्यातून काढून टाका. पगार चालू आहे, नाव चालू आहे, फोन केला तर समोरचा उचलतोय, तोवरच सुरुवात करायची.

आधी आपला आठवडा कागदावर मांडा. सकाळचं ट्रेनिंग, जिम, फिजिओ, जेवण एवढं झालं की बऱ्याच क्लबांत दुपारनंतर माणूस मोकळा होतो, पण पाय दुखत असतात आणि सगळी संध्याकाळ गेमिंगमध्ये जाते. झोपेला हात लावू नका, ती नोकरीचाच भाग आहे, बाकीच्या वेळातून एक तास काढा. अवे मॅचचा, म्हणजे दुसऱ्याच्या मैदानावरच्या मॅचचा प्रवास आणि हॉटेलातली आदली संध्याकाळ तर सोन्यासारखी, फक्त लेक्चर्स आधीच डाउनलोड करून ठेवा, बसमध्ये नेटचा भरवसा नसतो.

शिकायचं असेल तर पार्टटाइम नाहीतर डिस्टन्स कोर्स बघा आणि फी भरायच्या आधीच विचारून घ्या की परीक्षा मॅचच्या दिवशी आली तर पुढे ढकलता येते का, हजेरीची सक्ती किती आहे, उद्या ट्रान्सफर होऊन दुसऱ्या देशात गेलो तर काय. विषय निवडताना आपल्याला जे आतून माहितीये त्याचा फायदा घ्या. इटलीचा डिफेंडर किएलिनी याने 2017 मध्ये बिझनेसची मास्टर्स केली तेव्हा प्रबंध आपल्याच क्लबच्या, युव्हेंटसच्या बिझनेस मॉडेलवर लिहिला, आणि बेल्जियमचा डिफेंडर कोम्पनी याने मँचेस्टरमध्ये एमबीए करताना होम ॲडव्हान्टेज, म्हणजे घरच्या मैदानावर खेळण्याचा फायदा, हा विषय घेतला. दुसऱ्या विद्यार्थ्याला ड्रेसिंग रूममधली माणसं अशी सहज कुठे भेटणार!

मेडिकलसारखं काही डोक्यात असेल तर वर्षं लांबणार हे आधीच मान्य करा. ब्राझीलचा सॉक्रेटिस बोटाफोगो क्लबकडून खेळता खेळता डॉक्टर झाला, त्यापायी ट्रेनिंगही बुडवायचा, आणि तोच 1982 च्या वर्ल्ड कपला कॅप्टन होता. अफगाणिस्तानातून निर्वासित म्हणून डेन्मार्कला आलेली नादिया नदीम 2022 मध्ये डॉक्टर झाली, तेही खेळणं न सोडता. मला तर तिचं कौतुक कुठल्याही गोलपेक्षा जास्त वाटतं.

बिझनेस करणार असाल तर रोजचं काम बघणारा पार्टनर आधी शोधा. फ्रान्सचा मिडफिल्डर फ्लामिनी याने 2008 मध्ये पार्टनरसोबत बायोकेमिकल्सची कंपनी काढली, झाडपाल्यासारख्या कच्च्या मालापासून लेव्ह्युलिनिक ॲसिड हे पेट्रोलियमच्या जागी वापरता येणारं रसायन बनवायची, आणि कितीतरी वर्षं टीममेट्सना पत्ताच नव्हता. पैसे घालताना अकाउंटंट आणि वकील तुमचे स्वतःचे हवेत, एजंटने आणलेले नकोत, आणि टीममेट म्हणाला म्हणून ड्रेसिंग रूममध्ये सही अजिबात करू नका.

करार नीट वाचा. बाहेरचं काम करायला क्लबची लेखी परवानगी लागू शकते आणि धोक्याचे खेळ तर बहुतेक बंदच असतात. फुटबॉलमधला गोलकीपर पीटर चेक याला लहानपणापासून आइस हॉकीची आवड, पण तो गिल्डफर्ड फिनिक्स या इंग्लंडमधल्या आइस हॉकी टीमचा गोलकीपर झाला 2019 मध्ये, फुटबॉलमधून रिटायर झाल्यावरच, आणि पहिल्याच मॅचला शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या. तोच चेक ड्रम्सही वाजवतो, त्यात इजा व्हायची भीती नाही, म्हणजे असा छंद आजपासून सुरू करता येतो.

कोचला मात्र स्वतः जाऊन सांगा, बाहेरून कळलं की पुढचा प्रत्येक खराब पास त्या कोर्सच्या नावावर जमा होतो. आणि मोठी इंज्युरी झालीच तर रिहॅबचं वेळापत्रक फिजिओकडून घेऊन राहिलेले पेपर त्या महिन्यांत बसवून टाका.