बोरिस मिखाइलॉव्हचे फोटो बघायचे तर कुठून सुरुवात करायची

बरेच जण मिखाइलॉव्हचं नाव सर्च करतात, ‘केस हिस्टरी’ या त्याच्या सिरीजचे फोटो समोर येतात, जखमा, सुजलेले चेहरे, थंडीत कपडे वर करून उभी असलेली माणसं, आणि टॅब बंद. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं. म्हणून सांगते, तिथून सुरुवात करूच नका, रंगांच्या क्रमाने जा.

आधी एवढंच माहीत असू द्या की हा फोटोग्राफर युक्रेनमधल्या खारकीवचा, जन्म १९३८, शिक्षणाने इंजिनिअर, आणि त्याने काढलेले बायकोचे नग्न फोटो केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांना, सापडले म्हणून नोकरी गेली.

पहिला रंग लाल. साधारण १९६८ ते ७५ मधली सिरीज आहे, परेड, झेंडे, रस्त्यावरची साधी माणसं. प्रत्येक फ्रेममध्ये लाल कुठेय तेवढंच शोधत जा, दहा-बारा फोटो झाले की लक्षात येतं सोव्हिएत सरकारचा हा रंग लोकांच्या रोजच्या जगण्यात किती आत शिरला होता.

मग तपकिरी, ‘बाय द ग्राउंड’, १९९१. सोव्हिएत युनियन मोडलं तेच वर्ष. पॅनोरमा कॅमेरा कमरेजवळ धरून काढलेत, त्यामुळे फोटो लांबट पट्टीसारखे आहेत आणि आपली नजर आपोआप खाली जाते, फुटपाथ, रांगा, जमिनीवर पडलेला माणूस. घाई करू नका, पट्टी डावीकडून उजवीकडे हळूहळू वाचा. प्रिंट मुद्दाम तपकिरी टोन केल्यात, वर्ष झाकून बघितलं तर शंभर वर्षांपूर्वीचं गाव वाटेल, आणि देश मागे गेल्याचं दुसरं कुठलं वर्णन मला तरी इतकं पटलं नाहीये.

त्यानंतर निळा, ‘ॲट डस्क’, १९९३. खारकीव शहर, तसाच लांबट फोटो, पण संध्याकाळ उतरल्यासारखा गडद निळा. मिखाइलॉव्हसाठी निळा म्हणजे लहानपणीचं युद्ध, भूक. हे डोक्यात ठेवून बघा.

आता ‘केस हिस्टरी’ उघडा, १९९७-९८, फोटो चारशेच्या वर, सगळे रंगीत. बर्लिनला वर्षभर राहून तो परत आला तेव्हा खारकीवमध्ये एकीकडे नवे श्रीमंत दिसत होते आणि दुसरीकडे रस्त्यावर राहणारी माणसं, ज्यांना तिकडे बोम्झ म्हणतात, म्हणजे पक्का पत्ता नसलेले. एका बैठकीत दहाच बघा, मोबाईलवर नको, कारण २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये या प्रिंट माणसाएवढ्या मोठ्या लावल्या होत्या आणि समोरासमोर उभं राहणं यातच सगळं आहे. जखमेआधी चेहरा बघा. काही ठिकाणी दोघं-तिघं एकाला उचलून धरतात, ती पोझ क्रूसावरून उतरवलेल्या येशूच्या जुन्या चित्रांची आहे, ती ओळखता आली की फोटो पूर्ण बदलतो.

फोटोसाठी तो या लोकांना पैसे द्यायचा, लपवलं नाही त्याने कधी. यावर अजून वाद होतात. मला विचाराल तर फुकट फोटो काढून निघून जाण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक आहे, पण तुम्ही सिरीज बघून झाल्यावरच ठरवा, आधी नाही.

शेवटी मागे जाऊन १९८६ चा ‘सॉल्ट लेक’ बघा. स्लोव्हियान्स्कजवळ कारखान्याचं कोमट खारट पाणी अंगाला चांगलं म्हणून बायका-पोरांसकट लोक मोठमोठ्या पाइपांशेजारी मजेत डुंबतायत, आणि युनियन मोडायला अजून पाच वर्षं आहेत.