ईदचा बोकड: शेवटच्या महिन्यात भरडा ओतू नका

चाकणच्या बाजारात बकरी ईदचं गिऱ्हाईक आधी बोकडाचा ओठ वर करून दात बघतं, पाठ-पुठ्ठा नंतर. कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण लागतो आणि दुधाचे दात पडून पहिली जोडी यायला साधारण बारा ते पंधरा महिने जातात. त्यामुळे दहा महिन्यांचं करडू कितीही भरलेलं असो, ते परत येतं नाहीतर पडेल भावात जातं. लंगडा, काणा, शिंग मुळातून मोडलेला बोकडही चालत नाही. झुंजणारे नर वेगळे बांधा.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२४ ला ती १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला. गेल्या वर्षीच्या तारखेवर हिशेब मांडणारा इथेच मागे पडतो आणि मग घाईघाईने मका ओततो.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. चाऱ्यावरच्या बोकडाला एकदम घमेलंभर मक्याचा भरडा दिला की पोटात आम्ल वाढतं. सकाळी तो कळपापासून बाजूला उभा असतो, दात खातो, रवंथ बंद, हगवण आंबूस वासाची. डावी कूस दाबली तर कणकेसारखी लागते. धान्य लगेच बंद करा, सुका चारा टाका आणि डॉक्टरांना बोलवा. तोंड वर धरून बाटली रिचवू नका, औषध फुफ्फुसात जातं. भरडा शंभर ग्रॅमपासून सुरू करून दहा-पंधरा दिवसांत वाढवावा, तोही दोन वेळांत विभागून. आधी तुरीचं भुसकट, मग भरडा. ओला लसूणघास उपाशी पोटी नको, पोट फुगतं.

कधी कळपातला सगळ्यात गुटगुटीत बोकडच रात्रीत मरतो. लोक म्हणतात नजर लागली. बहुतेक वेळा तो आंत्रविषार असतो, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा, जास्त धान्यावर उसळणारा रोग. लस भरडा सुरू करण्याआधी टोचून घ्यावी. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर लागतो.

बोकड कुंथतो, थेंब थेंब मुततो, तेव्हा बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका. तो मुतखडा असू शकतो. फार लवकर खच्ची केलेल्या नरांत मूत्रमार्ग अरुंद राहतो आणि धान्य-कोंड्यातला फॉस्फरस जास्त झाला की खडे अडकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी मिठाची चाटण आणि दिवसभर स्वच्छ पाणी ठेवावं. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेलं पाणी इतकं तापतं की बोकड तोंड लावत नाही.

जंताचं औषध भरडा सुरू होण्याआधीच द्या. विक्रीच्या तोंडावर द्यायची वेळ आली तर औषध दिल्यावर मांस किती दिवस खायचं नाही, ते बाटलीवर वाचा आणि गिऱ्हाइकाला सांगा.