कोणत्या गावचं? होपी परंपरांचा अभ्यास सुरू करताना

मानवशास्त्रात एम.ए. करताना प्रबंधासाठी मी अमेरिकेतल्या होपी या आदिवासी लोकांच्या उगमकथा हा विषय घेतला. पुण्यात बसून माझ्या हाती सगळ्यात आधी लागलं ते भविष्यवाण्यांचं एक छोटं पुस्तक. निळा तारा, चौथ्या म्हणजे आताच्या जगाचा अंत, ‘होपी ज्येष्ठ सांगतात’ अशी वाक्यं. त्यावर मी वीस पानं लिहून काढली. मार्गदर्शक बाईंनी ती वाचून समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं : ‘कोणत्या गावचं?’

या दोन शब्दांनी माझा पुढचा सगळा अभ्यास बदलला. होपींविषयी नव्याने वाचायला घेणाऱ्याला मी तोच प्रश्न आधी देते.

होपींची बारा गावं अमेरिकेत ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात आहेत. बहुतेक तीन मेसांवर किंवा त्यांच्या पायथ्याशी. मेसा म्हणजे कडे तुटलेलं, सपाट माथ्याचं पठार. चहूबाजूंनी नावाहो या दुसऱ्या आदिवासी लोकांचा प्रदेश. प्रत्येक गाव आपली स्वायत्तता जपून आहे आणि गावात पुन्हा कुळं : अस्वल, सूर्य, मका, बिज्जू अशी. कूळ आईकडून येतं. प्रत्येक कुळाची गावापर्यंत पोचण्याची वाटचाल वेगळी, त्यामुळे कथा वेगळी, आणि कोणता विधी कोणी करायचा याचे हक्कही वेगळे. आपल्याकडे कुळाचार घराण्यागणिक बदलतो, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे पटकन उमजतं. पण एक मोठा फरक आहे. आपण दुसऱ्याच्या घरचा कुळाचार सहज विचारतो आणि समोरचा हौसेने सांगतो. होपींमध्ये दुसऱ्या कुळाचं ज्ञान उघड करण्याचा हक्कच नसतो, आणि काही गोष्टी तर विधी करणाऱ्या त्या-त्या मंडळाची दीक्षा झाल्याशिवाय होपी माणसालाही कळत नाहीत. म्हणून ‘होपी असं मानतात की...’ अशी सुरुवात दिसली की मी तिथे थांबते. हे सगळ्यांच्या वतीने कोण सांगतंय?

‘बुक ऑफ द होपी’ (१९६३) हे जगभर खूप वाचलं गेलेलं पुस्तक याच प्रश्नापाशी अडखळतं. लेखक फ्रँक वॉटर्स. मूळ सामग्री जमवून दिली ओस्वाल्ड व्हाइट बेअर फ्रेडरिक्स या होपी चित्रकाराने. गावोगावच्या कथा त्यात एका अखंड धर्मग्रंथासारख्या एकत्र ओवल्या आहेत. साठ-सत्तरच्या दशकात अध्यात्म शोधणाऱ्या तरुण अमेरिकनांनी ते उचलून धरलं, आणि आज जालावर फिरणाऱ्या बऱ्याचशा ‘होपी भविष्यवाण्या’ फिरून तिथेच पोचतात. त्याची सविस्तर चिकित्सा वाचायची तर आर्मिन गीर्ट्झ यांचं ‘द इन्व्हेन्शन ऑफ प्रॉफेसी’ घ्या. भविष्यवाण्या काळानुसार आणि गावातल्या राजकारणानुसार कशा बदलत गेल्या, हे ते दाखवतात. (प्रसिद्ध मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ वेगळे. मी ग्रंथालयात दोनदा त्यांचंच पुस्तक काढून आणलं होतं.)

आता सगळ्यात अवघड भाग. एच. आर. व्होथ हा मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी १८९३ मध्ये ओराईबी गावात आला. धर्मप्रसार करता करता तो विधींची टिपणं घेऊ लागला, छायाचित्रं काढू लागला, पवित्र वस्तू संग्रहालयांकडे पाठवू लागला. बोलावणं नसताना, मनाई असतानाही तो विधींच्या जागी शिरायचा, हे होपींच्या स्मरणात आजही कटू आहे. आणि तरीही त्याचं ‘द ट्रॅडिशन्स ऑफ द होपी’ (१९०५) उघडलं, तर बहुतेक कथांखाली तळटीप आहे : सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यांदा मिळालं ते इथे. कित्येक दिवस मी यावर अस्वस्थ होते. लोकप्रिय पुस्तक बेभरवशाचं, आणि नेमकी नोंद मात्र अशा माणसाची. शेवटी मी असं ठरवलं : खुलेपणाने सांगितलेल्या कथा त्याच्याकडून घ्यायच्या, विधींची वर्णनं आणि छायाचित्रं घ्यायची नाहीत. अचूक असलं म्हणून ते आपल्याला वापरायला मोकळं आहे असं होत नाही. प्रताधिकार संपल्यामुळे हे पुस्तक फुकट उतरवता येतं, म्हणून तर हा निर्णय प्रत्येकाने आधीच घ्यायला हवा.

गाव का महत्त्वाचं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९०६ ची ओराईबीतली फूट. त्या सप्टेंबरमध्ये गावातला एक मोठा गट बाहेर पडला आणि त्याने होटेव्हिला वसवलं. पुढे बकाव्ही हे गाव झालं. मानवशास्त्रज्ञ मिशा टिटिएव्ह यांनी ‘ओल्ड ओराईबी’त (१९४४) याचं कारण कुळरचनेच्या ठिसूळपणात शोधलं. दुसरे मानवशास्त्रज्ञ पीटर व्हाइटली यांनी बकाव्हीत काम केलं, आणि ‘डेलिबरेट ॲक्ट्स’मध्ये (१९८८) तिथल्या लोकांचं म्हणणं मांडलं : ही फूट प्रमुखांनी विचारपूर्वक घडवून आणली होती. ही दोन्ही पुस्तकं मागोमाग वाचा, मधे दुसरं काही घेऊ नका.

भाषेकडेही लक्ष द्या. ‘होपींना काळाची संकल्पनाच नाही’ हे भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन व्होर्फ यांच्या लेखनावरून पसरलेलं वाक्य अजून पाठ्यपुस्तकांत सापडतं. एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये सहाशेहून अधिक पानांत होपीतले काळवाचक शब्द आणि रूपं मांडून ते खोडलं. १९९८ चा मोठा होपी शब्दकोश बघा. त्याच्या उपशीर्षकातच लिहिलंय की ही तिसऱ्या मेसाची बोली. हा कोश घडवण्यात एमोरी सेकाक्वाप्तेवा या होपी अभ्यासकाचा मोठा वाटा आहे.

शोधताना स्पेलिंगं बदलून पाहा, नाहीतर निम्मं साहित्य निसटेल. जुन्या सरकारी कागदांत होपींना ‘मोकी’ म्हटलंय, आणि ते नाव त्यांना अपमानास्पद वाटतं. ओराईबीचं आजचं लेखन ओरायव्ही. होपींच्या श्रद्धेतल्या आत्म्यांसाठी इंग्रजीत रूढ झालेलं ‘कचिना’ हे नाव मूळ होपीत ‘कात्सिना’ आहे; तो त्स आपल्या ‘चाक’मधल्या च सारखा, त्यामुळे मराठी माणसाला हा उच्चार लगेच जमतो.

होपींनी स्वतः काय लिहिलंय, हे मी फार उशिरा शोधलं, त्याचं वाईट वाटतं. किकोत्समोव्ही इथे होपींचं सांस्कृतिक जतन कार्यालय आहे. ली कुवानविसिउमा यांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. त्यांच्या सहसंपादनातलं ‘फुटप्रिंट्स ऑफ होपी हिस्ट्री’ (२०१८) मी आज कोणालाही सगळ्यात आधी देईन. संशोधन करायचं तर या कार्यालयाची परवानगी लागते. गावांत छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, रेखाटन यांना बंदी आहे. अशी कडक शिस्त का हवी हेही समजून घ्या. १९९२ मध्ये मार्व्हल या अमेरिकन प्रकाशन कंपनीच्या एका कॉमिकमध्ये कात्सिनांचं विकृत चित्रण झालं, आणि त्यानंतर काही गावांनी कात्सिनांची नृत्यं बाहेरच्यांना बंद केली. २०१३ मध्ये होपींचा विरोध डावलून पॅरिसमध्ये त्यांच्या पवित्र वस्तूंचे लिलाव झाले. एका अमेरिकन प्रतिष्ठानाने डिसेंबरच्या लिलावात चोवीस वस्तू विकत घेतल्या त्या परत देण्यासाठीच. एकवीस होपींच्या, तीन सान कार्लोस अपाची या दुसऱ्या आदिवासी लोकांच्या. त्यामुळे लिलावांच्या सूचिपत्रांतली चित्रं आणि वर्णनं मी संदर्भ म्हणून वापरत नाही.

ती वीस पानं मी बाजूला ठेवली. प्रबंधाच्या शेवटी आता एक तक्ता आहे : कथा, सांगणारा, गाव, कूळ, नोंदीचं साल, नोंद करणारा. कुळाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी नुसती रेघ आहे. बाईंनी त्या रेघा पाहिल्या आणि पान उलटलं.