सीमाभागातील सभांची कागदपत्रे कशी जपावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्रात जाण्याची मागणी करणाऱ्या मराठी पट्ट्यात १ नोव्हेंबरचा काळा दिन (कर्नाटकात समावेश झाल्याचा निषेध), १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि १ जूनचे हिंडलग्यातील हुतात्म्यांना अभिवादन दरवर्षी त्याच तारखांना होते. त्यामुळे हस्तपत्रकावर तारीख, वार आणि वेळ असली तरी वर्ष छापायचे बरेचदा राहून जाते आणि दहा वर्षांनी कोणते पत्रक कधीचे, हे कार्यकर्त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून पत्रक हाती येताच त्याच्या मागच्या बाजूस, कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने वर्ष, ठिकाण आणि ते कोणाकडून मिळाले याची नोंद करावी. बॉलपेनची शाई कागदात झिरपते, म्हणून ते टाळावे. जुन्या पत्रकांच्या बाबतीत वार उपयोगी पडतो. ‘रविवार, १ नोव्हेंबर’ असे छापलेले असेल, तर अलीकडच्या काळात ते २००९, २०१५ किंवा २०२० यांपैकीच एका वर्षाचे असणार, आणि त्यावरील वक्त्यांची नावे पाहून बहुधा नेमके वर्ष ठरवता येते.

टाचण्या आणि स्टेपल आधी काढाव्यात, कारण इथल्या पावसाळ्यात त्या गंजतात व कागद तिथेच फाटतो. लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा काढता येत नाही. वृत्तपत्रांची कात्रणे इतर कागदांना पिवळी करतात, म्हणून ती वेगळ्या पाकिटात ठेवावीत आणि पेट्या जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर असाव्यात.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून मागवू नयेत. त्यात ती लहान होतात आणि काढल्याची तारीख, वेळ ही माहितीही निघून जाते; मूळ फाइल केबलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. फाइलच्या नावाची सुरुवात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने केली, की यादी आपोआप कालक्रमाने लागते. प्रती तीन असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी.

१९८१ च्या निपाणीतील तंबाखू आंदोलनासारख्या लढ्यांचे बरेच काही कागदावर आलेलेच नाही, आणि त्या वेळचे तरुण शेतकरी आता साठीपलीकडे आहेत. माझ्या मते स्कॅनिंग थांबले तरी चालेल, पण त्यांचे ध्वनिमुद्रण आधी व्हावे. मुलाखत त्यांच्याच बोलीत, मराठी-कानडी सरमिसळीसकट, जशीच्या तशी उतरवावी. ध्वनिमुद्रण कोणाला ऐकू द्यायचे आणि नाव उघड करायचे की नाही, याची संमती लेखी घ्यावी. ज्यांच्यावर खटले चालू आहेत, त्यांचे चेहरे ओळखू येणारी छायाचित्रे संग्रहात ठेवावीत, परंतु खटल्यांचा निकाल लागेपर्यंत प्रसिद्ध करू नयेत.