गुण्या विकत घेताना दुकानातच तपासून घ्या

नवा गुण्या (काटकोन तपासायचं सुताराचं साधन) कितीही चकचकीत असला तरी तो नेमका ९० अंशांत आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. तो जरासा जरी तिरका निघाला तर पुढे ड्रॉवर अडकतो, कपाटाचं दार एका कोपऱ्यात घासतं.

दुकानात जाताना फूटभर प्लायचा किंवा एमडीएफचा तुकडा आणि टोक काढलेली पेन्सिल सोबत न्या. तुकड्याची एक कड कारखान्यात कापलेली, सरळ हवी.

१. गुण्याचा दांडा (जाड भाग) त्या कडेला घट्ट टेकवा आणि पात्याच्या (पातळ पट्टीच्या) बाहेरच्या बाजूने रेघ मारा.

२. गुण्या पालथा करा. दांडा त्याच कडेला, पण आता पातं रेघेच्या दुसऱ्या अंगाला येईल. पहिली रेघ कडेला जिथे मिळते तिथूनच दुसरी मारा.

३. दोन्ही रेघा वरपर्यंत एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वर फाकल्या तर खोटा.

रेघांमधलं अंतर चुकीच्या दुप्पट असतं. म्हणजे वर १ मिमी फट दिसली तर गुण्या अर्धा मिमी चुकतोय. फर्निचर करायचं असेल तर असा गुण्या घेऊच नका, मग तो कितीही महागातला असो. स्वस्तातलेही काही अगदी बिनचूक निघतात, म्हणून दोनचार काढून दाखवायला सांगा.

मात्र तुकड्याची कड आधी स्टीलच्या पट्टीला लावून उजेडात बघा. कडेला बाक असेल तर चांगला गुण्याही खोटा ठरतो.